"जास्त झाली तर झोपू द्या": गांजा, स्ट्रोक आणि एका पोस्टला उत्तर

नाडीठोका

काल 'हिरवी_पालवी' यांची पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. नसेल वाचली त्यांच्यासाठी मथितार्थ: गांजा ही वनस्पती आहे, तिने आजवर एकही माणूस मेलेला नाही, गांजाने स्ट्रोक (मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटणं, अर्धांगवायू) येतो ही औषध कंपन्यांनी उठवलेली आवई आहे, आणि "कोणाला जास्त झाली, बोबडं बोलू लागला, तोल जाऊ लागला तर लिंबूपाणी पाजा आणि झोपू द्या, सकाळी ठणठणीत उठेल."

पहिल्या तीन दाव्यांवर वाद घालता येतो. चौथ्यामुळे माणूस कायमचा लुळा होऊ शकतो, म्हणून एवढं लांब लिहितोय. बोबडं बोलणं आणि तोल जाणं ही स्ट्रोकचीही लक्षणं आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रात्री अकराला झोपवलेला मुलगा सकाळी सातला उठला आणि उजवा हात उचलेना, तर ती वेळ झोपेतच गेलेली असते. शिवाय ज्याला नीट गिळता येत नाही त्याला लिंबूपाणी पाजलं की ते फुप्फुसात उतरू शकतं.

आता "आवई"बद्दल. गांजाचा धूर आत गेला की काही मिनिटांत नाडी २० ते ५० टक्क्यांनी वाढते. आडवं असताना रक्तदाब चढतो, उभं राहिल्यावर धाडकन उतरतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो, म्हणजे मेंदूपर्यंत पोचणारा प्राणवायू आणखी घटतो. १९८८च्या एका अभ्यासात तंबाखूच्या सिगारेटच्या तुलनेत गांजाच्या सिगारेटने रक्तातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण पाचपट वाढलेलं आढळलं होतं, डांबर तिप्पट. आणि रक्तवाहिन्या आवळतात ते वेगळंच. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला २०११मध्ये पंचेचाळिशीच्या आतल्या ४८ स्ट्रोकच्या रुग्णांच्या मेंदूतल्या धमन्या नीट तपासल्या. त्यातले १३ जण गांजा ओढणारे. १० जणांच्या धमन्या एकाच वेळी अनेक जागी अरुंद झालेल्या होत्या आणि हे अरुंद होणं गांजा ओढणाऱ्यांशी जोडलेलं निघालं.

मोठे आकडे हवे असतील तर: अमेरिकेतल्या ४,३४,१०४ प्रौढांच्या पाहणीत (२०२४ला प्रसिद्ध) रोज गांजा घेणाऱ्यांत स्ट्रोकचं प्रमाण इतर जोखमी वजा केल्यावरही ४२ टक्के जास्त. २०२५च्या जूनमध्ये २४ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा: स्ट्रोक २० टक्के जास्त, हृदयविकाराने मृत्यू दुप्पट. एवढी आकडेवारी समोर असताना "आवई" म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

सांख्यिक

लिंबूपाण्याच्या वाक्याबद्दल पूर्ण सहमत, त्यावर चर्चाच नको. पण ४२ टक्के हा आकडा तुम्ही ज्या खात्रीने फेकलात ती खात्री त्या पाहणीत नाही.

ती पाहणी फोनवरची आहे. दोन प्रश्न: "गेल्या ३० दिवसांत किती दिवस गांजा घेतला?" आणि "तुम्हाला स्ट्रोक झाल्याचं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का?" म्हणजे स्ट्रोक दहा वर्षांपूर्वीचा आणि गांजा गेल्या महिन्यातला असू शकतो. स्ट्रोकनंतर हातपाय ताठरतात, झोप लागत नाही, म्हणून अमेरिकेत लोक गांजा सुरूही करतात. अशा पाहणीत आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. आणि स्ट्रोकने मेलेला माणूस फोन उचलत नाही, त्यामुळे चूक दोन्ही दिशांना होऊ शकते.

तुम्ही न सांगितलेले अभ्यास मी सांगतो. न्यूझीलंड, २०१३: १८ ते ५५ वयाच्या स्ट्रोकच्या रुग्णांची लघवी तपासली, १५.६ टक्के गांजासाठी पॉझिटिव्ह. तुलनेच्या गटात ८.१. शक्यता २.३ पट. पण तंबाखूचा हिशेब धरला की ती १.५९ वर येते आणि तिची मर्यादा ०.७१ ते ३.७०, म्हणजे खरा आकडा १च्या खालीही असू शकतो, काहीच सिद्ध नाही. गांजावाल्या रुग्णांत तंबाखू न ओढणारा फक्त एक होता! स्वीडन, २०१७: १९६९-७०ला सैन्यभरतीत नोंदवलेले ४९,३२१ तरुण साठीपर्यंत पाहिले. गांजाचा स्ट्रोकशी स्वतंत्र संबंध दिसला नाही, तंबाखूचा मात्र मात्रेप्रमाणे चढत गेला. अमेरिकेतल्याच एका हॉस्पिटलातले ९,३५० रुग्ण, १८ टक्के पॉझिटिव्ह, वय वगैरे धरल्यावर संबंध शून्य.

तंबाखूचं पाप गांजाच्या माथी मारू नका एवढंच म्हणणं आहे.

नाडीठोका

@सांख्यिक, स्वीडनच्या अभ्यासात गांजाबद्दल एकदाच विचारलं होतं, भरतीच्या वेळी. अठरा-वीस वर्षांच्या पोराने दिलेलं उत्तर पुढची चाळीस वर्षं गृहीत धरलंय. नंतर किती जणांनी सोडला, किती जणांनी सुरू केला, पत्ता नाही. बायका तर नाहीतच. आणि तो माल १९७०चा. अमेरिकेत जप्त झालेल्या नमुन्यांत टीएचसीचं (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) सरासरी प्रमाण १९९५ला ४ टक्के होतं, २०१४ला १२. बँकॉकहून येणाऱ्या ज्या हायड्रोपोनिक (मातीविना पाण्यावर वाढवलेल्या) गांजाच्या पिशव्या आता मुंबई विमानतळावर सतत पकडल्या जातात, तो याहून तेज असतो. विडीचा अभ्यास करून सिगारबद्दल बोलल्यासारखं झालं हे.

"तंबाखूचं पाप" म्हणता, तर त्याच ४ लाखांच्या पाहणीत आयुष्यात सिगारेट न ओढलेल्यांतही तोच कल आहे. आणि कॅलिफोर्नियातला २०२५चा प्रयोग बघा: ५५ निरोगी माणसं, एकही तंबाखूवाला नाही. दंडाला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं आणि धमनी किती फुगते ते सोनोग्राफीवर मोजायचं. चांगली धमनी झटकन रुंदावते. गांजा ओढणाऱ्यांची जेमतेम निम्म्याने रुंदावली. नुसत्या टीएचसीच्या गोळ्या-मिठाया खाणाऱ्यांचीसुद्धा! तिथे धूर नाही, तंबाखू नाही. मग बिघडवलं कोणी?

सांख्यिक

५५ माणसांच्या दंडावरून कोट्यवधी मेंदूंबद्दल बोलायचं नसतं. धमनीचं फुगणं हे चिन्ह आहे, स्ट्रोक नव्हे.

पण एक मुद्दा सोडतो. ऑस्ट्रेलियातल्या ७,४५५ जणांच्या अभ्यासात (२०१६) तंबाखू वगैरे धरूनही गांजावाल्यांत स्ट्रोक आणि छोटा स्ट्रोक यांचं प्रमाण २.३ पट निघालं. वाढ सगळी आठवड्यातून एकदा किंवा जास्त घेणाऱ्यांत होती, त्याहून कमी घेणाऱ्यांत काहीच नाही. म्हणजे संबंध असलाच तर तो सवयीचा आहे. होळीला एक दिवस घेणाऱ्याला आणि रोज चार जॉइंट मारणाऱ्याला एकाच आकड्याने घाबरवू नका.

भीमथडी

तुमच्या दोघांच्या वादात आपला माणूस कुठेच नाही. आपल्याकडे नुसता गांजा ओढतो कोण? तळहातावर कळ्या घेतात, बिया-काड्या निवडतात, दोन थेंब पाणी टाकून अंगठ्याने मळतात आणि त्यात विडीची किंवा सिगारेटची तंबाखू मिसळतात, कधी निम्मी, कधी जास्त. चिलमीत खडा टाकायचा, वर हे मिश्रण, बुडाशी ओली छापी, म्हणजे फडकं. जॉइंट असला तरी सिगारेट रिकामी करून त्यातलीच तंबाखू परत भरतात. त्यामुळे "गांजा की तंबाखू" हा प्रश्न न्यूझीलंडात विचारा, इथे दोन्ही एकाच झुरक्यात जातात.

दोन गैरसमज तर एवढे पक्के आहेत की चीड येते. एक, "ओली छापी विष गाळते". छापी धूर गार करते आणि निखारा तोंडात येऊ देत नाही, बस. कार्बन मोनॉक्साइड हा वायू आहे, ओल्या फडक्यातून आरपार जातो. दुसरा, "दम कोंडून धरला की जास्त चढते". टीएचसी पहिल्या काही सेकंदांतच बहुतेक शोषलं जातं. पुढे धरलेल्या दमाने चढत फार काही नाही, कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर मात्र जास्त बसतं. नाडीठोका यांनी दिलेला पाचपटीचा आकडा आहे ना, त्याचं मोठं कारण हेच दम कोंडणं.

आणि मूळ दुखणं सांगतो. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे. गांजा-भांग-चरस मिळून देशात २.८ टक्के, ही २०१९ची सरकारी पाहणी. गुटखाबंदी २०१२पासून कागदावर आहे आणि टपरीवर पुडी मिळतेच. स्ट्रोकची एवढी काळजी असेल तर आधी मिश्री आणि गुटख्यावर धागा काढा.

नाडीठोका

@भीमथडी, छापी आणि दमाबद्दल लिहिलंत ते फार मोलाचं, कोणी लिहीत नाही. पण "आधी तंबाखूवर धागा काढा" हे उत्तर नाही. एकाच झुरक्यात दोन्ही जात असतील तर धोका दोन्हींचा मिळून आहे, कमी कसा होईल?

विजया

भांग आणि गांजा एकाच ताटात वाढताय, त्याला माझा सक्त आक्षेप. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानेसुद्धा १९८५मध्ये फुला-फळांचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस असं धरलं, नुसती पानं वगळली. आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, कच्ची देतच नाहीत. पोटलीत बांधून गाईच्या दुधात दोलायंत्राने (भांड्यात लटकवून) तीन तास स्वेदन, म्हणजे उकळणं, धुऊन सुकवणं, मग तुपात परतणं, याला शोधन म्हणतात. औषध म्हणून गुंजांच्या मापात दिली जाते. १८९३-९४च्या, ब्रिटिश सरकारच्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजारावर साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही असं लिहून ठेवलं. धूर नाही, तंबाखू नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. मग भांगेला स्ट्रोकच्या यादीत का ओढता?

प्रयोगशाळेतून

विजयाताई, १८९४ला सीटी स्कॅन नव्हता. त्या कमिशनला स्ट्रोक दिसलाच नसता, कारण ते तो शोधत नव्हते.

शोधनाचं रसायनशास्त्र बघा. ताज्या पानात टीएचसी फारसं नसतं, त्याचं आम्लरूप असतं आणि ते चढत नाही. उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. तुपात परतणं म्हणजे तेच घडवणं, आणि टीएचसी पाण्यात नाही, स्निग्धात विरघळतं. शोधनाने इतर काही निघत असेल, पण टीएचसी निघून जातं हा समज सोडा. होळीच्या थंडाईत तर शोधन कोणी करत नाही. पानं वाटली, दूध-बदाम घातलं, गाळलं, झालं.

पोटात घेतलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास लागतात. यकृतातून जाताना टीएचसीचा आणखी जोरदार भाऊबंद तयार होतो. पाऊण तासात काहीच वाटलं नाही म्हणून माणूस दुसरा पेला घेतो आणि दोन्ही एकत्र चढतात. मग सहा-आठ तास उतरत नाही. साठीतला, रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस उन्हात रंग खेळून दोन पेले घेतो आणि एकदम उभा राहतो: रक्तदाब कोसळतो आणि आधीच अरुंद असलेल्या धमनीपलीकडच्या मेंदूला रक्त पुरत नाही. धुराशिवायही स्ट्रोकचा रस्ता असतो, तो हा.

विक्रीच्या भांगेत धोतऱ्याच्या बिया घालतात तो प्रकार तर निराळंच विष. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कातडी कोरडी-तापलेली, बडबड. असं दिसलं तर "भांग चढली" म्हणून बसू नका.

विजया

धोतऱ्याचं मान्य, तो भेसळीचा गुन्हा आहे. थंडाईला शोधन करत नाहीत हेही खरं. पण त्याचा दोष विजयेवर का? वैद्याच्या देखरेखीखालचं औषध आणि गल्लीतला पेला यांत फरक करा, एवढी तरी बौद्धिक प्रामाणिकता दाखवा.

प्रयोगशाळेतून

फरक केला. चर्चा गल्लीतल्या पेल्याचीच चालू आहे.

आता ज्यावर कोणीच बोललं नाही त्यावर येतो: सिंथेटिक, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं. 'स्पाइस', 'के२', हर्बल धूप, किंवा व्हेपमध्ये (ई-सिगारेट) भरलेलं "टीएचसी ऑइल". याला "नकली गांजा" म्हणणं हीच पहिली चूक. गांजाशी साम्य एवढंच की दोन्ही मेंदूतल्या सीबी-१ या एकाच कुलपात जातात. टीएचसी ते कुलूप अर्धवट उघडतं आणि तिथेच थांबतं. जेडब्ल्यूएच-०१८सारखी रसायनं ते पूर्ण उघडतात. शरीराने मोडल्यावर तयार होणारे त्यांचे तुकडेही कुलूप उघडत राहतात. गांजातलं सीबीडी हे न चढणारं द्रव्य यात नसतंच. हफमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने क्लेम्सन विद्यापीठात ही रसायनं बनवली ती कुलपाचा अभ्यास करायला. २००८च्या अखेरीस जर्मनीत ती 'स्पाइस'च्या पुड्यांत सापडली.

पुडी बनते कशी हे कळलं की धोका कळतो. पावडर द्रावकात विरघळवून कुठल्याही वाळक्या पाल्यावर फवारतात. फवारा सारखा बसत नाही. एकाच पुडीत एका चिमटीत जवळपास काही नसतं आणि दुसऱ्या चिमटीत दहा झुरक्यांचा माल असतो. "मी कालही यातलंच ओढलं, काही झालं नाही" या वाक्याला म्हणून अर्थ नाही. २०१६च्या जुलैत ब्रुकलिनमध्ये एकाच मालाने ३३ जण रस्त्यावर पुतळ्यासारखे ताटकळले. त्यात निघालेलं रसायन टीएचसीच्या ८५ पट जोराचं होतं.

स्ट्रोकचं म्हणाल तर २०१३ला फ्लोरिडातल्या सख्ख्या बहीण-भावाची नोंद आहे, दोघांनी स्पाइस ओढला, दोघांच्या मेंदूची मधली मोठी धमनी बंद. २०१७ला जगभरातले प्रसिद्ध झालेले ९८ रुग्ण गोळा केले, त्यांचं सरासरी वय ३२. ८५ गांजाचे, १३ सिंथेटिकचे. ओढणाऱ्यांची संख्या बघता १३ हा आकडा लहान नाही.

आणि हे व्हेपमधून शाळेत पोचलंय. ब्रिटनमध्ये बाथ विद्यापीठाने ३८ शाळांतून जप्त केलेल्या ५९६ व्हेप तपासल्या, दर सहापैकी एकीत स्पाइस निघालं. पोरांना वाटत होतं गांजा आहे.

सांख्यिक

सिंथेटिकवर माझा आक्षेप नाही. तिथे मोठ्या अभ्यासाची वाट बघणं मूर्खपणाचं ठरेल. पण म्हणूनच दोन्ही एका शीर्षकाखाली टाकू नका. स्पाइसचे रुग्ण दाखवून गांजाची भीती घालणं हा अन्याय आहे.

मोकळं_रान

शेवटी कोणीतरी मुद्द्याचं बोललं! स्पाइस का जन्माला आलं? गांजावर बंदी आहे म्हणून. पोलिसांच्या पट्टीत पकडलं जात नाही म्हणून. बंदी उठवा, पुडीवर टीएचसीचं प्रमाण छापा, तंबाखूशिवाय विका, निम्मा धागा गायब होईल. तुम्ही सगळे डॉक्टर मंडळी धमन्या मोजत बसा, पण पोरगं मित्रांच्या खोलीत लुळं पडतं तेव्हा मित्र हॉस्पिटलात का नेत नाहीत ते विचारा. पोलिसांना घाबरतात म्हणून! झोपवून ठेवतात ते लिंबूपाण्याच्या पोस्टमुळे नाही, एनडीपीएसमुळे.

कलम_कानून

भावना समजली, पण कायदा नीट वाचा. कलम २७: गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जवळ एक किलोपर्यंत असला तर ती अल्प मात्रा, वीस किलो म्हणजे व्यापारी. जामिनाची भयंकर अट आहे ती व्यापारी मात्रेला. कलम ६४अ प्रमाणे व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर सेवनाच्या खटल्यातून सुटका आहे. १९८९च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलंय: आधी जीव वाचवा, कागद नंतर. आणि हॉस्पिटलातली लघवीची चाचणी उपचारासाठी असते. सील नाही, पंचनामा नाही.

मोकळं_रान

पुस्तकातला कायदा मला शिकवू नका. ६४अ व्यसनमुक्ती केंद्राचं आहे, स्ट्रोकच्या रुग्णाचं नाही, आणि ज्या मित्राने जॉइंट वळला त्याला तर काडीचं संरक्षण नाही. विषबाधा म्हणून दाखल झाला की बऱ्याच ठिकाणी एमएलसीची (पोलिसांना कळवायचं प्रकरण) नोंद होते आणि चौकीतला शिपाई येतोच. रात्री दोन वाजता वीस वर्षांच्या पोराने कलमं आठवायची का?

कलम_कानून

मित्राला संरक्षण नाही, हे बरोबर आहे. मी ते लिहायला हवं होतं. पण म्हणून "नेऊ नका" असा निष्कर्ष निघत नाही. सहा महिने ही कमाल शिक्षा आहे. मेंदूचा मेलेला भाग आयुष्यभराचा आहे.

मोकळं_रान

"नेऊ नका" असं मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी शब्द घालू नका. मी म्हणतोय की भीती कायद्याने घातली आहे आणि ती काढायची जबाबदारीही कायद्याचीच आहे. मदत बोलावणाऱ्याला अभय द्या, मग बघा किती लवकर आणतात.

नाडीठोका

धाग्याचं काश्मीर होतंय, विषय भरकटतोय. कायद्यावर वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन मोकळं_रान यांच्या अभयाच्या मागणीला पाठिंबा देईन, मनापासून. इथे स्ट्रोकवर बोलू.

रात्रपाळी

काश्मीर होऊ द्या, कारण मुद्दा तोच आहे: काय ओढलं हे लपवलं की नेमकं काय बिघडतं? सगळे नैतिक बोलतात, मी कामाचं सांगते.

एक. गांजा ओढलाय म्हणून गुठळीचं इंजेक्शन नाकारत नाहीत, हे आधी डोक्यात बसवा. मित्र "काही घेतलं नाही" म्हणतात ते या भीतीनेही. ही इंजेक्शनं दोन: अल्टेप्लेज वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. दहावा भाग लगेच, बाकी तासाभरात. टेनेक्टेप्लेज ०.२५ प्रमाणे, जास्तीत जास्त २५, एकाच दमात. त्याआधी साखर बघणं अटळ, आणि रक्तस्राव नाही ना यासाठी स्कॅन.

दोन. इथे सिंथेटिकचा प्रश्न येतो. तरुण माणूस, रक्त पातळ करायची गोळी नाही, तर आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) रिपोर्टसाठी न थांबता इंजेक्शन देतात. पण २०१८ला इलिनॉयमध्ये स्पाइसमध्ये ब्रोडिफॅकम, म्हणजे उंदीर मारायचं औषध, मिसळलेलं निघालं. दीडशेहून जास्त लोकांना रक्तस्राव, चौघे गेले. असा माणूस अर्धांग घेऊन आला आणि स्पाइसचं कोणी सांगितलंच नाही तर? आयएनआर १.७ च्या वर असताना हे इंजेक्शन देत नाहीत, आणि इथे ते न बघताच दिलं जाईल. सांगितलं तर पाच मिनिटं थांबून आयएनआर बघता येतो. त्या विषाचा असर महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे उतारा म्हणून के जीवनसत्त्वही मोठ्या मात्रेत तितकेच महिने द्यावं लागतं. हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, अंगावर काळेनिळे डाग असं काही दोन-चार दिवसांत दिसलं होतं का, तेही सांगा.

तीन. लघवीच्या पट्टीवर भरवसा नको, दोन्ही बाजूंनी. ती टीएचसीचा एक अवशेष शोधते. रोज ओढणाऱ्यात तो महिनाभर सापडतो, म्हणजे पॉझिटिव्ह आली तरी आजच ओढलं असं नाही. आणि सिंथेटिक त्या पट्टीवर उमटतच नाही. निगेटिव्ह पट्टी दाखवून "याने काही घेतलं नाही" म्हणणारे नातेवाईक आणि "पॉझिटिव्ह आहे, म्हणजे नशाच" म्हणून स्कॅन पुढे ढकलणारा कर्मचारी, दोघेही सारखेच चुकतात. उरलेली पुडी किंवा व्हेप असेल तर घेऊन या, तेवढ्यावरून मोठ्या प्रयोगशाळेत ओळख पटू शकते.

चार. वीज कोसळल्यासारखी डोकेदुखी, म्हणजे मिनिटाभरात शिगेला पोचणारी. गांजाने मेंदूच्या धमन्या मण्यांच्या माळेसारख्या जागोजागी आवळतात, त्याचं हे चिन्ह असू शकतं. पहिला स्कॅन साफ येऊ शकतो, आवळणं आठवडाभराने दिसतं, म्हणून धमन्यांची तपासणी परत करावी लागते. बहुतेकांचं तीन महिन्यांत सुटतं. घरी मायग्रेनची सुमाट्रिप्टानची गोळी दिली तर धमन्या आणखी आवळतात. सर्दीसाठी नाक मोकळं करणारी औषधंही तेच करतात. गांजाचं लपवलं की डॉक्टर या दिशेने विचार करायला उशीर लावतो.

सांख्यिक

नशा आणि स्ट्रोक ओळखायचा कसा हे लिहा. वादापेक्षा तेच महत्त्वाचं आहे. ('वादापेक्षा' हे मी म्हणतोय, नोंद घ्या.)

रात्रपाळी

नशा दोन्ही बाजूंना सारखी असते. डोळे दोन्ही लाल, हातपाय दोन्ही जड, हसू दोन्हीकडे. स्ट्रोक बहुतेक वेळा एकीकडे ओढतो. दात दाखवायला सांगा, ओठाचा एक कोपरा उचलत नाही. डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला सांगा, दहा सेकंदांत एक हात खाली घसरतो आणि तळवा आत वळतो. "आज बाजारात भाजी महाग आहे" असं एक वाक्य म्हणायला सांगा. नशेतला माणूस सावकाश म्हणेल, हसेल, पण शब्द बरोबर येतील. स्ट्रोकमध्ये शब्दच भलते किंवा बोबडे येतात, नाहीतर येतच नाहीत.

फसवतो तो लहान मेंदूचा स्ट्रोक. हात-चेहरा ठीक, पण सतत उलट्या, एकाची दोन दिसणं, आणि मुख्य म्हणजे आधाराशिवाय नीट बसताच न येणं. किशोरवयीन मुलांत गांजानंतर हाच प्रकार नोंदलेला आहे. नशेत चालता नाही आलं तरी भिंतीला न टेकता बसता येतं. बसवल्यावर एका बाजूला कलंडला, तर उचला आणि न्या.

हिरवी_पालवी

माझ्या पोस्टवर एवढं रामायण झालंय म्हणून लिहितो. गांजाने लाखो लोकांचं दुखणं हलकं होतं, त्यावर माझा विश्वास आहे आणि राहील. सांख्यिक यांनी दाखवलेले अभ्यास मला पुरेसे आहेत. पण लिंबूपाण्याचं वाक्य चुकीचं होतं. मी ते मित्रांच्या भल्यासाठीच लिहिलं होतं. काढतो. त्याजागी काय लिहू ते सांगा.

रात्रपाळी

हे टाका: "गांजा ओढला असो, भांग घेतली असो, व्हेप असो, चेहरा किंवा हात एका बाजूला पडला, शब्द भलते किंवा बोबडे आले, बसता येईना, किंवा डोकं एकदम असह्य दुखलं, तर झोपू देऊ नका, काही पाजू नका. कुशीवर वळवा. तो शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ मोबाइलमध्ये लिहा. १०८ लावा. जिथे रात्रीही सीटी स्कॅन चालू असतो अशाच हॉस्पिटलात न्या. काय घेतलं आणि कधी, ते डॉक्टरला एकट्याला गाठून सांगा."

हिरवी_पालवी

टाकलं. सुरुवातीचे "गांजा ओढला असो" हे शब्द मात्र गाळतोय, उगाच बदनामी नको. "नशा केली असो" पुरेल.

रात्रपाळी

नाही पुरणार. गांजाला नशा न मानणारेच तुमची पोस्ट वाचतात. त्यांना वाटेल हे दारूवाल्यांसाठी लिहिलंय. तो शब्द राहू द्या.

हिरवी_पालवी

ठीक आहे. ठेवला.